पिशाच्च की आगंतुक? : 'बेओवुल्फ'मधील 'गॅस्ट' या शब्दाचा निवाडा

'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात ग्रेंडेलचे नाव प्रथम येते ते १०२व्या ओळीत. नावाच्या अगोदर कवीने त्याला एक विशेषण आणि एक नाम जोडले आहे. विशेषणाचा अर्थ उग्र, क्रूर; त्यात वाद नाही. नाम आहे 'गॅस्ट', आणि दोन शतकांच्या अभ्यासानंतरही ते अडते. जुन्या इंग्रजीत ही अक्षरे दोन वेगवेगळ्या शब्दांची असू शकतात. एकाचा अर्थ प्राण, आत्मा, पिशाच्च. दुसऱ्याचा पाहुणा, परका, आगंतुक. पहिला धरला तर ग्रेंडेल अमानवी योनीतला ठरतो. दुसरा धरला तर तो न बोलावता घरात शिरलेला कोणीतरी ठरतो, आणि त्याचा गुन्हा माणसांच्या रीतिरिवाजांच्या मापाने मोजावा लागतो. एका शब्दावर काव्यातल्या मुख्य शत्रूची जातकुळी अवलंबून असावी, असे क्वचितच घडते. म्हणून या दोन शब्दांची तुलना मुळापासून करायला हवी.

आधी लिहिण्याची सोय सांगतो. हस्तलिखितात नुसता 'आ'कार असेल तिथे मी 'गास्ट' लिहितो. दोन स्वरचिन्हे जोडून केलेले, 'ऍश' नावाचे अक्षर असेल तिथे 'गॅस्ट' लिहितो. त्याचा उच्चार मराठीतल्या 'बॅट'मधल्या स्वरासारखा. 'गिस्ट', 'गिएस्ट', 'ग्युस्ट', 'गेस्ट' ही रूपेही जशी लिहिलेली आहेत तशीच देतो. उच्चाराचा प्रश्न वेगळा आहे, तो पुढे घेऊ.

दोन शब्द, दोन घराणी

पहिल्या शब्दाच्या मूळ जर्मानिक रूपात 'आइ' हा संयुक्त स्वर होता. जुन्या इंग्रजीत त्याचा दीर्घ 'आ' झाला आणि 'गास्ट' तयार झाला. आजच्या जर्मन भाषेत तोच 'गाइस्ट' आहे. त्याच्या मुळाशी हवेसारखे, विरळ असे काही नव्हते. तिथे भय आणि क्षोभ होता. गॉथिक भाषेत याच मुळापासून 'भेदरवणे' या अर्थाचे क्रियापद झाले आहे, आणि वेदातला 'हेळस्', म्हणजे क्रोध, हा शब्द याच कुळातला मानतात. ख्रिस्ती धर्म आल्यावर लॅटिन 'स्पिरिटुस'ला प्रतिशब्द म्हणून हाच शब्द घेतला गेला, आणि त्याची व्याप्ती एकदम वाढली. श्वास, जीव, देवदूत, सैतान आणि पवित्र आत्मा, सगळे या एका शब्दात बसू लागले. या शब्दाला दीर्घ 'ऍ'चे एक जोडरूपही होते. ते 'गॅस्ट' असे लिहिले जाई, आणि आपल्या अडचणीचे मूळ तिथे आहे.

दुसऱ्या शब्दाचे कूळ याहून दूरवर पसरले आहे. जर्मन 'गास्ट', जुन्या नॉर्समधला 'गेस्ट्र', स्लाव भाषांतला 'गोस्त' हे त्याचे भाऊबंद. लॅटिनमध्ये तो 'होस्टिस' झाला, पण तिथे त्याचा अर्थ शत्रू. सिसेरोने 'दे ओफिकिइस' या ग्रंथात नोंदवले आहे की पूर्वजांच्या काळी 'होस्टिस' म्हणजे नुसता परका माणूस. शत्रू हा अर्थ नंतर चिकटला. याच शब्दाला 'पति'च्या कुळातला अवयव जोडून लॅटिन 'होस्पेस' झाला. त्याचा अर्थ यजमानही आणि पाहुणाही. हॉस्पिटल, हॉटेल हे आपल्या तोंडी रुळलेले शब्द त्याच वाटेने आले आहेत. थोडक्यात, या कुळात परका हा मूळ अर्थ आहे. त्याला घरात घेतले की तो पाहुणा होतो, आणि नाही घेतले की शत्रू. हा मुद्दा लक्षात ठेवावा. ग्रेंडेलचा निवाडा करताना तो लागणार आहे.

जुन्या इंग्रजीच्या वेसेक्सी बोलीत हा शब्द 'गिएस्ट', पुढे 'गिस्ट' किंवा 'ग्युस्ट' असा लिहीत. उत्तरेकडच्या अँग्लियन बोलीत त्याची रूपे 'गेस्ट' आणि 'गॅस्ट'. इथे दोन्ही घराणी एकाच अक्षरांत येऊन मिळतात. पहिल्याचे जोडरूप 'गॅस्ट', दुसऱ्याचे अँग्लियन रूपही 'गॅस्ट'. पहिल्यात स्वर दीर्घ, दुसऱ्यात ऱ्हस्व, पण लिपीत तो फरक दाखवण्याची नियमित सोय नव्हती. काही हस्तलिखितांत स्वरावर तिरकी रेघ दिसते, पण ती कधी आहे, कधी नाही. तिच्या भरवशावर निर्णय करता येत नाही.

आजच्या इंग्रजी वाचकाला ही गुंतागुंत दिसत नाही, कारण हे शब्द पुढे फार लांब गेले. 'गास्ट'चा 'आ' 'ओ'कडे झुकला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस कॅक्स्टनच्या छापखान्यात फ्लेमिश वळणाने त्यात एक 'एच' घुसला. आपण मराठीत 'घोस्ट' असे 'घ' घालून लिहितो तो त्याचाच वारसा. 'गेस्ट'मधला कठोर 'ग' मात्र नॉर्स लोकांच्या प्रभावाने आला, असे मानतात. इंग्लंडच्या स्वतःच्या बोलीत तिथे 'य' होता.

कोणती कसोटी किती चालते

पहिली कसोटी लेखनाची. काव्याचे एकच हस्तलिखित उरले आहे. ते इ. स. १०००च्या सुमाराचे असून आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. १७३१ साली ॲशबर्नहॅम हाउसला आग लागली तेव्हा त्याच्या कडा होरपळल्या. ३१८२ ओळींचे हे काव्य दोन लेखकूंनी उतरवले. १९३९व्या ओळीत पहिल्याचा हात थांबतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो. त्यांच्यापुढे जी प्रत होती तिच्यात अँग्लियन बोलीच्या खुणा होत्या, हे त्यांच्या लेखनातूनच कळते. म्हणून 'पाहुणा' हा शब्द या एका काव्यात पाच परींनी लिहिलेला सापडतो : ९९४मध्ये 'गेस्ट', ११३८ आणि १५२२मध्ये 'गिस्ट', १५४५मध्ये 'ग्युस्ट', २५६०मध्ये 'गिएस्ट' आणि १८००मध्ये 'गॅस्ट'. यातील काही समासांत आहेत, पण शब्द तोच. जे उतरवायचे ते एकाच ठशाने उतरवावे, असा आग्रह या लेखकूंचा नव्हता.

दुसरी कसोटी छंदाची. जुन्या इंग्रजी पद्यात अक्षर जड की हलके याला महत्त्व असते, आणि इतरत्र ही कसोटी उत्तम काम देते. 'देव' आणि 'चांगला' हे दोन शब्द लिहिताना सारखेच दिसत, पण पहिल्याचा स्वर ऱ्हस्व, दुसऱ्याचा दीर्घ. विभक्ती लागली की एकाचे पहिले अक्षर हलके होते, दुसऱ्याचे जड राहते, आणि छंद सांगतो की कोणता शब्द आहे. 'गॅस्ट'पुढे हे साधन हात टेकते. या शब्दाच्या शेवटी 'स' आणि 'ट' अशी दोन व्यंजने असल्यामुळे स्वर ऱ्हस्व असो वा दीर्घ, अक्षर जडच भरते. विभक्ती लावली तरी 'स' मागच्या अक्षरातच अडकतो आणि वजन बदलत नाही.

तिसरी कसोटी अनुप्रासाची, आणि ती सगळ्यांत लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. 'पाहुणा' या शब्दातला 'ग' फार पूर्वी, मूळ ऱ्हस्व 'ऍ'पुढे, तालव्य झाला होता. त्याचा उच्चार 'य'सारखा. 'पिशाच्च' या शब्दातला 'ऍ' मात्र उशिरा, 'आ'पासून झाला. तोवर तालव्यीकरणाची वेळ निघून गेली होती, म्हणून त्याचा 'ग' कंठ्यच राहिला. म्हणजे लिहिताना एक, बोलताना 'गॅऽस्ट' आणि 'यॅस्ट'. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. 'चार गुरे' आणि 'गुरे चार' यातला 'च' आपण वेगळा उच्चारतो, लिहितो मात्र एकाच अक्षराने. अनुप्रास ध्वनीवर चालतो, तेव्हा त्याने तरी निर्णय द्यायला हवा होता. पण बेओवुल्फसारख्या जुन्या वळणाच्या पद्यात परंपरेने कंठ्य 'ग' आणि तालव्य 'ग' यांचा परस्परांशी अनुप्रास चालत असे. दहाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या कवींनी ही सूट हळूहळू सोडली. १०२व्या ओळीत उग्र या अर्थाचे विशेषण, 'गॅस्ट' आणि ग्रेंडेल हे तिन्ही 'ग'ने जुळतात, पण 'गॅस्ट' कोणताही असला तरी ते जुळतातच.

तिन्ही कसोट्या हरल्या, पण तिसरीने जाताजाता एक मोठी गोष्ट दाखवून दिली. ऐकणाऱ्याला शंका नव्हती. सभेत बसलेल्या श्रोत्याला 'ग' की 'य', दीर्घ की ऱ्हस्व, दोन्ही भेद कानावर येत होते. संदिग्धता कागदावरची आहे. ती लेखकूंनी आणि काळाने निर्माण केली. कवीने इथे मुद्दाम श्लेष साधला आणि दोन्ही अर्थ एका शब्दात कोंबले, असे मोहक विधान अनेकदा केले जाते. मला ते मान्य नाही. ज्या दोन शब्दांचा आरंभही वेगळा आणि स्वराची लांबीही वेगळी, त्यांचा श्लेष फक्त डोळ्यासाठी होतो, आणि हे काव्य कानासाठी होते. प्रत्येक जागी कवीने एकच शब्द म्हटला असणार. तो कोणता, एवढेच शोधायचे आहे.

काव्यातला पुरावा

दोन साक्षी एकमेकींसमोर उभ्या आहेत. पहिली १६१७ आणि १६२१ या ओळींतली. ग्रेंडेलच्या आईच्या गुहेत काव्याचा नायक बेओवुल्फ याने तिला ठार केले आहे. तिच्यासाठी 'परलोकीचा' किंवा 'दूरदेशीचा' या अर्थाचे 'एलोर' हे पद जोडून एक समास वापरला आहे. १६१७मध्ये तो 'एलोरगॅस्ट' आहे. चारच ओळी खाली, त्याच लेखकूच्या हाताने, तोच समास 'एलोरगास्ट' झाला आहे. ८०७व्या ओळीत ग्रेंडेलला तो लावला आहे तिथेही 'आ'कारच. 'आ'कारी रूप पाहुण्याचे असू शकत नाही. म्हणून 'एलोरगॅस्ट' म्हणजे पिशाच्च, आणि या लेखकूच्या लेखी 'गॅस्ट' हे अक्षररूप पिशाच्चवाचक असू शकते, हे सिद्ध झाले.

दुसरी साक्ष १८००व्या ओळीतली. विजयाच्या मेजवानीनंतर हेओरोट या उंच, सुवर्णमंडित सभागृहात बेओवुल्फ गाढ झोपला आहे. त्याला कवीने 'गॅस्ट' म्हटले आहे. इथे पिशाच्चाचा प्रश्नच येत नाही. राजाच्या घरी निजलेला सन्माननीय पाहुणा आहे तो. लेखकू पुन्हा पहिलाच. म्हणजे त्याच हाताने तेच अक्षररूप दोन्ही अर्थांनी लिहिले आहे. कोणताही एक नियम सगळ्या जागांना लावता येणार नाही.

मग तिसरीकडे पाहावे लागते. राक्षसी शत्रूला पाहुणा म्हणण्याची या कवीची रीत होती का, हे जिथे लेखन निःसंदिग्ध आहे अशा जागांवरून तपासता येते. २५६०व्या ओळीत अग्नी ओकणाऱ्या नागाला 'ग्रुरेगिएस्ट' म्हटले आहे, म्हणजे भयाचा आगंतुक. 'इए' हे जोडस्वर पिशाच्चाच्या शब्दात येत नाहीत. नवल असे की त्या क्षणी नाग आपल्याच टेकडीत आहे, चालून गेला आहे तो बेओवुल्फ. घरात बसलेल्याला पाहुणा कसे म्हणणार? तेव्हा इथे परका, वैरी हाच अर्थ आहे, लॅटिन 'होस्टिस'च्या अंगाने जाणारा. १५४५व्या ओळीत याच्या उलट चित्र दिसते. ग्रेंडेलची आई आपल्या घरात घुसलेल्या बेओवुल्फला खाली पाडून त्याच्यावर बसते, आणि त्याला कवी 'सेलेग्युस्ट' म्हणतो, सभागृहाचा पाहुणा. मारायला आलेला वीरही पाहुणा, आणि ज्याला मारायचे तो नागही पाहुणा. पाहुणा आणि शत्रू यांच्यातली सीमा कवीला नीट ठाऊक होती, आणि ती ओलांडून दाखवायला त्याला आवडत होते, हे या दोन जागांवरून ठरते.

सभागृहाची रीत

इथे त्या समाजाचा कायदा हाताशी घ्यावा लागतो. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात केंटचे राजे ह्लोथहेरे आणि एअड्रिक यांच्या कायद्यात एक कलम आहे : सीमेपलीकडून आलेल्या व्यापाऱ्याला किंवा परक्याला कोणी तीन रात्री आपल्या घरी ठेवले, जेवू घातले, आणि त्याने कोणाचे वाईट केले, तर यजमानाने त्याला न्यायापुढे उभे करावे, नाही तर स्वतः भरपाई द्यावी. त्याच शतकाच्या अखेरच्या सुमाराचा, वेसेक्सचा राजा इने याचा कायदा म्हणतो की परका माणूस वाट सोडून रानातून आला आणि त्याने हाकही दिली नाही, शिंगही फुंकले नाही, तर त्याला चोर समजावे. केंटच्या कलमात सीमेसाठी जो शब्द आहे त्याच शब्दापासून ग्रेंडेलची एक उपाधी बनली आहे. १०३व्या ओळीत त्याला 'सीमेवर फिरणारा' म्हटले आहे.

हे ध्यानात ठेवून बेओवुल्फचे आगमन वाचावे. किनाऱ्यावर पहारेकरी त्याला अडवतो, कोण, कुठला विचारतो. दाराशी राजाचा अधिकारी वुल्फगार पुन्हा विचारतो. बेओवुल्फ नाव, कूळ, हेतू सांगतो, मगच आत जातो. पाहुण्याने कसे यावे याचा हा वस्तुपाठच. ग्रेंडेल रात्री, धुक्यातून, दलदलीच्या वाटेने, हाक न देता येतो. पाहुण्याला यजमानाने जेवू घालायचे असते. ग्रेंडेल पहिल्याच धाडीत राजाचे तीस सैनिक उचलून नेतो. त्याच्या येण्याला ११५व्या ओळीत कवीने जे क्रियापद लावले आहे त्याचा साधा अर्थ 'भेटीला जाणे'. १४२व्या ओळीत त्याला चक्क 'सभागृहाचा सेवक' म्हटले आहे. घराचे, सभेचे, पाहुणचाराचे शब्द कवी त्याच्याभोवती सतत पेरतो. त्या पेरणीत 'पाहुणा' हा शब्दही असणे अगदी स्वाभाविक आहे.

पिशाच्चाच्या बाजूनेही एक साक्ष नोंदवायला हवी, कारण ती या काव्याबाहेरची आहे. पापी जीव आपल्या देहाला बोल लावतो अशा विषयाचे एक जुने इंग्रजी काव्य दोन संग्रहांत आले आहे. एक संग्रह इटलीतल्या वर्सेल्ली गावी आहे, दुसरा एक्झेटरच्या कॅथेड्रलमध्ये. तो जीव तीनशे वर्षे दर सात रात्रींनी आपल्या देहाला भेटायला येतो. त्या जागी वर्सेल्लीच्या प्रतीत 'गास्ट' आहे, एक्झेटरच्या प्रतीत 'गॅस्ट'. म्हणजे 'येणे', 'भेटणे' ही क्रियापदे दिसली की लगेच पाहुणा, असे समीकरण मांडता येत नाही. पिशाच्चेही भेटीला येत. पुरावा तोलताना हे पारड्यात टाकलेच पाहिजे.

जागेजागेचा निवाडा

१९२२ साली क्लेबरने काढलेल्या संपादनात स्वरांवर दीर्घत्वाची रेघ आहे. तसे संपादन करणाऱ्याला प्रत्येक 'गॅस्ट'वर रेघ द्यायची की नाही हे ठरवावेच लागते, आणि अनुवादकालाही पळवाट नसते. टोल्किनने १९३६च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानाच्या पुरवणीत ग्रेंडेलच्या उपाधींचा विचार केला. पिशाच्चवाचक शब्द जिथे आहे तिथेही आजच्या 'घोस्ट'चा अर्थ बसत नाही, कारण ग्रेंडेल हाडामांसाचा आहे, असे त्याचे मत. ते रास्त आहे, आणि शब्दाच्या मुळातल्या भय-क्षोभाशीही जुळते. पण त्याने दोन शब्दांमधला निर्णय होत नाही. तो मला बोलणारा कोण यावरून करावासा वाटतो. या कसोटीचा वापर व्हायला हवा तितका झालेला नाही.

१०२व्या ओळीत बोलतो तो निवेदक. त्याला हेओरोटमधल्या कोणालाही ठाऊक नाही ते ठाऊक आहे : ग्रेंडेल बायबलमधल्या केनच्या वंशातला आहे, आणि त्याच वंशातून राक्षस आणि प्रेते उपजली. १०१व्या ओळीत त्याने 'नरकातला वैरी' म्हणून घेतले आहे. एका श्वासात नरक आणि दुसऱ्यात पाहुणा, असे तो म्हणणार नाही. इथे दीर्घ स्वर, कंठ्य 'ग', पिशाच्च. मराठीत 'उग्र पिशाच्च' म्हणावे आणि त्यात धुरकट, पारदर्शक असे काही येऊ देऊ नये.

२०७३व्या ओळीत बोलतो तो बेओवुल्फ. मायदेशी परतून तो आपला राजा ह्युगेलाक याला त्या रात्रीची हकीगत सांगतो आहे. सूर्य मावळला, आणि संतापलेला 'गॅस्ट' आमच्या भेटीला आला, आम्ही सभागृहाची राखण करत होतो तिथे, असे तो सांगतो. केनचा वंश, नरक यांतले त्याला काही माहीत नाही. त्याने दार फुटताना पाहिले आहे आणि आत आलेल्याचा हात आपल्या हाताने धरला आहे. इथे ऱ्हस्व स्वर, 'य', आगंतुक. दुसऱ्या लेखकूने हे लिहिले आहे. २५६०व्या ओळीतला 'भयाचा आगंतुक'ही त्याच्याच हातचा.

२६७०व्या ओळीतला 'इन्विटगॅस्ट', म्हणजे कपटी आगंतुक, हाही मी याच बाजूला घालतो. नाग दुसऱ्यांदा चाल करून येतो, पुढच्याच ओळीत 'भेटीला जाणे' हे क्रियापद आहे, आणि त्याच नागाला शंभर-सव्वाशे ओळी आधी निःसंदिग्धपणे पाहुणा म्हटलेले आहे. २३१२मधला नाग घरे जाळायला येतो. तिथेही कल तिकडेच, पण जोर कमी. १३४९मधील 'एलोरगॅस्टास' हा हेओरोटचा राजा ह्रोथगार याच्या तोंडी आहे. तो समासच पिशाच्चाचा, आणि त्याच भाषणात आठ ओळींनी 'गुप्त पिशाच्चे' हा प्रयोग 'आ'कार घालून आला आहे. तिथे शंका नको.

उरतो 'वॅलगॅस्ट', 'वॅल' म्हणजे रणात पडलेली प्रेते. तो १३३१मध्ये ह्रोथगारच्या तोंडी, ग्रेंडेलच्या आईसाठी येतो, आणि १९९५मध्ये ह्युगेलाकच्या तोंडी ग्रेंडेलसाठी. पहिल्या जागी राजा त्याच दमात सांगतो की ती परत कुठे गेली हे मला ठाऊक नाही. अनोळखी मारेकरी असे वाचले तर अर्थ नेमका लागतो. पण तिला लावलेले 'भटके, अस्थिर' हे विशेषण पिशाच्चालाही शोभते. दुसऱ्या जागी ह्युगेलाकने ग्रेंडेलला पाहिलेलेच नाही, त्याने फक्त कीर्ती ऐकली आहे. बोलणारा कोण, या कसोटीलाही इथे धार राहत नाही. या दोन ओळींवर संपादकाने रेघ दिली तर ती त्याच्या जबाबदारीवर. मी असतो तर दिली नसती.